क्रमांकाची मुभा आणि मजुराचे हक्क

दहा आकड्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक हा आज श्रमिकाचा एकमेव स्थायी पत्ता झाला आहे. घर बदलते, मुकादम बदलतो, राज्य बदलते. क्रमांक तेवढा टिकतो. गावाकडची म्हातारी त्याच क्रमांकावर मुलाला शोधते, ठेकेदार त्याच क्रमांकावर कामाचा निरोप देतो आणि बँकेचा सांकेतिक आकडाही तेथेच येतो. म्हणून राज्य ओलांडताना क्रमांक कायम राहण्याचा प्रश्न हा केवळ सुखवस्तू नोकरदाराच्या सोयीचा प्रश्न नव्हे.

3 जुलै 2015 पासून देशातील कोणत्याही परिमंडळात तोच क्रमांक घेऊन जाण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी, जानेवारी 2011 पासून, कंपनी बदलता येत असे, परंतु परिमंडळ नव्हे. ही परिमंडळे 1994 च्या दूरसंचार धोरणानंतर परवाने विकण्यासाठी आखली गेली आणि अपेक्षित महसुलावरून त्यांना अ, ब, क असे वर्ग दिले गेले. त्यांची रचना मोठी मासलेवाईक आहे. मुंबईसह महाराष्ट्र 1960 मध्ये झाला, दूरसंचार खात्याने मुंबई पुन्हा वेगळी काढली. उलट 1967 च्या जनमत कौलात गोव्याने नाकारलेले विलीनीकरण याच खात्याने एका फटकाऱ्यात घडवून आणले. गोवा आजही महाराष्ट्र परिमंडळातच आहे! नागरिकाचा देश एक आणि बाजारपेठेचे तुकडे बावीस, असा हा व्यवहार होता. त्या सीमा ओलांडल्याबद्दल, आलेला कॉल घेण्याचेही पैसे बीडहून बेळगावकडे ऊसतोडीला गेलेल्या मजुराने वर्षानुवर्षे मोजले. 2017 च्या सुमारास ही रोमिंगची आकारणी देशांतर्गत जवळजवळ संपुष्टात आली.

आता 1900 या क्रमांकावर संदेश पाठवावा, सांकेतिक आकडा मिळवावा आणि नव्या कंपनीकडे अर्ज द्यावा. एकाच परिमंडळात तीन, तर दुसऱ्या परिमंडळात पाच कामाच्या दिवसांत बदल व्हावा, असा डिसेंबर 2019 पासूनचा नियम आहे. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु क्रमांक येतो, त्याबरोबर भरलेले पैसे येत नाहीत. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक जुन्या कंपनीच्या घशात जाते आणि उरलेल्या मुदतीवरही पाणी सोडावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्यास ही रक्कम क्षुल्लक नसते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्याचे गोडवे गायिलेले असतात. आम्हीही ते अनेक वर्षे वर्गात शिकविले. पण निवड करायची कोणातून? 2010 च्या आसपास डझनभराहून अधिक कंपन्या या क्षेत्रात होत्या, आज तीन खासगी कंपन्या आणि सरकारी सेवा एवढेच उरले आहे. जुलै 2024 मध्ये या तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत दर वाढविले. दार उघडे आहे, पण पलीकडचे दुकानही त्याच भावाचे. त्या वेळी बीएसएनएलने दर वाढविले नाहीत आणि लाखो ग्राहक तिकडे वळले. सार्वजनिक क्षेत्र जिवंत असणे म्हणजे काय, याचा याहून बोलका पुरावा कोणता? त्याच बीएसएनएलला 4जी सेवा वर्षानुवर्षे मिळू दिली गेली नाही, ही गोष्ट मात्र मुक्त स्पर्धेचे पुरस्कर्ते सोयीस्करपणे विसरतात. महिन्याच्या नावाखाली अठ्ठावीस दिवस देऊन वर्षात बारांऐवजी तेरा वेळा वसुली करण्याची युक्तीही याच स्पर्धेची देणगी होय.

आमचा खरा मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. क्रमांक बरोबर नेण्याचा हक्क ज्या तत्परतेने दिला गेला, ती तत्परता मजुराच्या अन्य हक्कांबाबत कुठे आहे? शिधापत्रिका राज्याबाहेर चालण्याची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून झाली. पण ती सर्वत्र लागू होण्यास 2022 उजाडले, आणि तेही टाळेबंदीत रस्त्यावर चाललेल्या लोकांची दैना पाहून सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये मुदत घालून दिल्यानंतर. बांधकाम मजुराची स्थिती याहून वाईट आहे. 1996 च्या कायद्याने सुरू झालेला उपकर मालकांकडून वसूल होतो, परंतु कल्याण मंडळे राज्यवार आहेत. नोंदणीसाठी गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो मिळवावा तोच काम संपते आणि मजूर दुसऱ्या राज्यात जातो. तेथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. योगायोग असा की क्रमांकासाठीही नव्वद दिवसांचीच अट आहे, पण ती एकदा पुरी केली की क्रमांक देशभर चालतो! आंतरराज्य स्थलांतरितांच्या 1979 च्या कायद्यातील विस्थापन भत्ता तर 2020 च्या श्रमसंहितेत गळूनच गेला.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. बांधकाम मंडळाची नोंदणी व तिचे लाभ राज्याराज्यांत वर्ग झाले पाहिजेत. क्रमांकाबरोबर प्रीपेड शिल्लकही वर्ग झाली पाहिजे. हंगामी मजूर गावी परतल्यावर सलग नव्वद दिवस वापर नसल्यास क्रमांक बंद करण्याची कंपनीस मोकळीक आहे. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते वळते करून तो चालू ठेवावा, असा 2013 चा नियम आहे, पण तो माहीत आहे किती जणांना? गेलेला क्रमांक दुसऱ्यास दिला जातो, आणि मग बँक, आधार, ई-श्रम अशा साऱ्याच ठिकाणी मजूर अनोळखी ठरतो.

आमच्या शाखांनी येत्या गळीत हंगामापूर्वी हे काम हाती घ्यावे. मजूरनाक्यांवर व कोयते निघण्याच्या ठिकाणी एक टेबल टाकावे, शिधापत्रिका, नोंदणी व क्रमांक यांची अडचण ऐकून घ्यावी, आणि किती जणांची नोंदणी राज्याच्या सीमेवर अडली याची यादी ठेवावी. श्रममंत्र्यांना द्यावयाचे निवेदन त्या यादीवरूनच लिहावे.