‘ख्रिस्तपुराणा’चा सोयीस्कर अभिमान

मराठीच्या थोरवीचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्सच्या मराठीस्तुतीच्या ओव्या आपल्या जिभेवर येतात. एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेला गौरवावे, याचा आपल्याला कोण आनंद! परंतु १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११ हजार ओव्या आहेत. उरलेल्या ओव्यांकडे आपले वर्ग सहसा वळत नाहीत, कारण त्यांत श्रद्धा आहे, आणि ती आपल्या ओळखीची नाही.

आमच्या मते या ग्रंथाचे मर्म त्याच्या आरंभीच्या एका प्रसंगात आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या साध्या प्रश्नात केवढी वेदना आहे! देव बदलले, पण सायंकाळी एकत्र बसून ओवी ऐकण्याची भूक तशीच राहिली. स्टीफन्सने ती ओळखली आणि बायबलचे ‘पहिले’ व ‘दुसरे’ पुराण केले. त्याच्या ओवीत स्वर्ग ‘वैकुंठ’ होऊन येतो. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या, तिच्याच छायेत ही करुणा जन्मली, हे विसरून चालणार नाही. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून देण्याचे फर्मान काढले. स्टीफन्सचे नाव अभिमानाने घेणाऱ्या चर्चनेही हा इतिहास उघडपणे वाचला पाहिजे.

साहित्यव्यवहारात मात्र दुटप्पीपणा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मधील उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ‘धर्मगुरू कशाला?’ असा आक्षेप निघाला. (संतांच्या नावाने उभ्या असलेल्या साहित्यपरंपरेत हा आक्षेप निघावा, ही गंमतच!) त्यांची पाठराखण करतानाही त्यांच्या संतसाहित्याच्या प्रेमाचाच दाखला दिला गेला. जणू ते प्रेम नसते तर त्यांचे मराठीपण पातळ झाले असते. २०२४ साली ते गेले. आदरांजलीच्या लेखांनी पुरस्कार आणि पदे मोजली. पण बायबलसाठी प्रसन्न मराठी घडविताना त्यांना शब्दाशब्दाला काय निवडावे लागले असेल, याची चर्चा विद्यापीठांत अद्याप व्हायची आहे.

ती ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ठेवून करता येईल. चारशे वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन रचनांत ‘पाप’, ‘तारण’, ‘कृपा’ या शब्दांचे काय झाले, हे पदव्युत्तर वर्गाला सहज पेलेल. मराठीस्तुतीच्या ओव्या एखाद्या वर्षी बाजूला ठेवाव्यात आणि त्या ब्राह्मणाचा प्रश्न अभ्यासाला लावावा.