एक्सप्लेनर: स्वस्त रायफल खरंच स्वस्त पडते का? पोलिसांच्या खरेदीमागचं गणित

ऑटोमॅटिक रायफल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे ‘कमी पैशात भरवशाची रायफल कोणती?’ हा आपल्याकडे सरकारी खरेदीचा प्रश्न आहे. वऱ्हाडाशी मात्र त्याचा थेट संबंध येतो. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 9 अमरावतीत आहे, अकोल्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. राखीव बलाच्या कंपन्या गडचिरोलीपर्यंत बंदोबस्ताला जातात.

जुनं हत्यार काय किमतीला पडतं, हे 26/11 ला सीएसटीवर दिसलं. समोर एके-47 आणि रेल्वे पोलिसांच्या हाती दर गोळीला खटका ओढावा लागणारी .303.

इन्सास तुलनेने स्वस्त आणि आपली. आराखडा पुण्याच्या एआरडीई या संस्थेचा. पण 1999 च्या कारगिल युद्धात थंडीने तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. 2005 मध्ये नेपाळच्या सैन्याने माओवाद्यांच्या हल्ल्यातील मोठ्या हानीनंतर याच रायफलकडे बोट दाखवलं. भारताने चुकीच्या वापराचा मुद्दा मांडला. खरं तर दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या. नीट हाताळलं तरच चालणारं हत्यार जंगलातल्या चिखलात भरवशाचं कसं म्हणायचं?

भरवसा मोजता येतो. दोन अडथळ्यांमध्ये सरासरी किती गोळ्या सुटतात, हे त्याचं माप. समजा, एक रायफल 200 गोळ्यांत एकदा अडते, दुसरी 1000 गोळ्यांत. दहा जवानांनी 20 गोळ्यांचं एकेक मॅगझिन रिकामं केलं की झाल्या 200 गोळ्या. म्हणजे पहिल्या रायफलमुळे प्रत्येक चकमकीत सरासरी एक जवान अडकणार, दुसरीमुळे पाच चकमकींत एक. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो.

खरेदीची अडचण इथेच आहे. तांत्रिक चाचणीत पास झालेल्यांतून सर्वात कमी दराची, म्हणजे ‘एल-1’ निविदा निवडली जाते. काठावर पास झालेली आणि डिस्टिंक्शन मिळवलेली रायफल तिथे सारखीच ठरते. वऱ्हाडातला शेतकरी बियाणं असं घेत नाही. पिशवीमागे चारशे रुपये वाचले आणि उगवण फसली, तर दुबार पेरणीचा खर्च कोण देणार, हे तो आधी बघतो. भरवशालाही गुण देऊन ते दरासोबत मोजायला हवेत.

किमतींचा अंदाज घ्या. लष्कराने 2019 मध्ये अमेरिकेच्या 72,400 सिग-716 रायफली घेतल्या, तर 2021 मध्ये अमेठीत बनणाऱ्या सहा लाखांवर एके-203 चा करार पाच हजार कोटींच्या पुढे गेला. दोन्ही नगामागे साधारण 80 ते 95 हजारांत बसतात. दोघींनाही 7.62 म्हणतात, पण एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही!

म्हणून नुसती नगाची किंमत बघून भागत नाही. मॅगझिन, सुटे भाग, दुरुस्ती करणारा आर्मरर आणि सरावाच्या गोळ्या हा खर्च वर्षानुवर्षं चालतो. इन्सासची बाजू इथे भक्कम आहे. तिची 5.56 ची काडतुसं अकोल्याहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात. नवी रायफल घेणाऱ्या कोणत्याही दलाने निविदेआधी पुढच्या दहा वर्षांच्या गोळ्यांचा आणि सुट्या भागांचा हिशेब मांडावा. त्यात सरावाच्या गोळ्यांना कात्री लागणार असेल, तर महागडी रायफलही घेऊ नये.