सुपारी घेण्याआधी हिशेब मांडा

तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात. "भाऊ, अमुक तारखेला गाडी मोकळी आहे का? कितीला येता?" या दुसऱ्या प्रश्नापाशी बुलडाणा जिल्ह्यातली आपली डीजेवाली पोरं अडकतात. शेजारच्या गावातला दहा हजार घेतो, मग आपण नऊ सांगू. तो नऊवर आला, की आपण आठ. दर असा उतरत जातो आणि कर्जाचा हप्ता मात्र रुपयानेही कमी होत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, दुसऱ्याच्या दरावर आपला दर ठरवू नका. आधी स्वतःचा खर्च मांडा.

कसा मांडायचा? समजा टॉप, बेस, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, लाइट आणि जनरेटर मिळून सहा लाखांचं सामान कर्ज काढून घेतलं. ते पाच वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला 1,20,000 रुपयांची झीज झाली. व्याजाचे सरासरी 40,000 धरा. कॉइल जळणं, वायर बदलणं, गाडीचं काम आणि विमा यांचे 30,000. वर्षात सुपाऱ्या मिळाल्या 40. म्हणजे गाडी दारातून निघण्याआधीच एका सुपारीवर 4,750 रुपये चढलेले असतात. आता बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जा आणि रात्री तोच घाट भरल्या गाडीने चढा. गाडी आणि जनरेटर मिळून 18 लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने 1,620 रुपये. चार पोरांची मजुरी 2,000. चहापाणी आणि किरकोळ 400. बेरीज 8,770 रुपये. यात तुमची स्वतःची मजुरी एक रुपयाही धरलेली नाही. आठ हजारांत सुपारी घेणारा प्रत्येक वरातीत पदरचे 770 रुपये घालून येतो. ते त्याला लगेच कळत नाही, कारण संध्याकाळी खिशात नोटा असतात. कळतं ते बेस उडतो तेव्हा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

सुपाऱ्या किती धरायच्या, इथेच बहुतेकांचं चुकतं. चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि उरलेल्या महिन्यांतल्या दाट तिथी एकाच दिवशी चार गावांत येतात. गाडी एकच. 12 जानेवारीला सिंदखेड राजाची जिजाऊ जयंती, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती, गणपती, देवी हे सगळं धरूनही खरा आकडा मागच्या वर्षीच्या वहीतूनच काढा, उमेदीतून नाही. रिकाम्या महिन्यात बारशाचं किंवा वाढदिवसाचं काम आलं, तर त्या दिवसाचं डिझेल, मजुरी आणि वर थोडं सुटेल एवढ्यातही घ्यायला हरकत नाही. हप्ता तसाही भरायचाच आहे. पण तोच दर वैशाखात लावू नका.

आता उधारीचं. मागच्या उन्हाळ्यात मोताळा तालुक्यातल्या एका वरातीत मी उभा होतो. दहाला दहा मिनिटं कमी होती. डीजेवाला जेमतेम चोवीस वर्षांचा, हात आवाजाच्या बटणावर. नवरदेवाचे मामा जवळ येऊन म्हणाले, "अजून एकच गाणं, बाकीचे चार हजार तुला मीच देणार आहे." पोराने पोलिसांची गाडी दिसते का ते पाहिलं आणि गाणं लावलं. एकाची तीन गाणी झाली. त्याचे पैसे अडकलेले होते, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सण-उत्सवांसाठी असते. घरच्या लग्नाची वरात त्यात बसत नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, म्हणजे भिंतीसारखे बॉक्स रचून मोठा दर मागण्याला तसाही आधार नाही. भिंती हादरल्या की म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या लेकरांचे किती हाल होतात, ते आपल्याच घरात बघा.

म्हणून सुपारी घेतानाच चिठ्ठीवर लिहा: किती तास, कुठून कुठपर्यंत, दहाला बंद, जादा तासाचा दर, परवानगी कोण काढणार. एक तृतीयांश रक्कम इसार म्हणून तारीख धरतानाच घ्या आणि उरलेली वरात हलण्याआधी. "सोयाबीन विकलं की देतो" म्हणणारा माणूस खोटा नसतो, पण भाव पडला तर तो तरी कुठून देणार? दाट तिथीला दर जास्त असेल, तर तो पहिल्याच फोनवर सांगा. ऐन मांडवात वाढवू नका.

आणि आपल्या तालुक्यातल्या चार डीजेवाल्यांनी या हंगामाआधी एक संध्याकाळ एकत्र बसा, आपापली वही घेऊन. कुणाची सुपारी कितीला पडते ते एकमेकांना खरं सांगा, आणि हंगामात आपापल्या खर्चाखाली कुणीही जाऊ नका.