विश्लेषण : रस्ते अडवून श्रीमंतांवर कर लागतो का? फ्रान्समधील ‘झुकमन करा’चे काय झाले?

फ्रान्सच्या नॅशनल असेम्ब्लीने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी अतिश्रीमंतांवरील बहुचर्चित ‘झुकमन कर’ २२८ विरुद्ध १७२ मतांनी फेटाळला. त्याआधीच्या दोन महिन्यांत याच मागणीचे फलक घेऊन लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. ‘इफॉप’ संस्थेच्या जनमत चाचणीत ८६ टक्के लोकांनी या कराला पाठिंबा दिला होता. तरीही कर का लागला नाही, आणि आंदोलनाचा कोणता मार्ग प्रत्यक्षात काही पदरात पाडतो, यावर तिथे आता वाद सुरू आहे.

झुकमन कर म्हणजे काय?

गॅब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थतज्ज्ञाच्या नावाने हा कर ओळखला जातो. ज्यांची संपत्ती १० कोटी युरोंहून (सुमारे एक हजार कोटी रुपये) अधिक आहे, त्यांनी दरवर्षी संपत्तीच्या किमान २ टक्के इतका कर भरलाच पाहिजे, अशी ही तरतूद. प्राप्तिकर वगैरे धरून भरलेला कर २ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर फक्त फरकाची रक्कम द्यायची. देशातील जेमतेम १,८०० कुटुंबे या कक्षेत येतात. झुकमन यांच्या अंदाजाने यातून वर्षाला १५ ते २५ अब्ज युरो मिळाले असते. विरोधी अर्थतज्ज्ञांच्या मते मात्र श्रीमंत देश सोडतील किंवा संपत्तीची रचना बदलतील आणि प्रत्यक्ष वसुली याच्या कितीतरी कमी होईल.

श्रीमंत कर भरत नाहीत का?

भरतात, पण शिखरावर पोहोचल्यावर प्रमाण घसरते. फ्रान्सच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक पॉलिसीज’ने २०२३ मध्ये २०१६ ची आकडेवारी तपासली. सर्वात श्रीमंत ०.१ टक्के गटाचा एकूण करभार उत्पन्नाच्या ४६ टक्के होता, तर त्याहून वरच्या ७५ कुटुंबांचा फक्त २६ टक्के. याचे कारण बेकायदा करचुकवेगिरी नव्हे. नफा होल्डिंग कंपनीतच ठेवला की तो मालकाचे वैयक्तिक उत्पन्न ठरत नाही आणि त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. पगारदाराला ही सोय नाही, त्याचा कर पगारातूनच कापला जातो.

विरोधकांचे म्हणणे काय?

एलव्हीएमएच समूहाचे प्रमुख बर्नार्ड अर्नो यांनी झुकमन यांना कट्टर डाव्या विचारांचे कार्यकर्ते ठरवले. उद्योगजगताचा मुख्य आक्षेप असा, की समभागांचे मूल्य कागदावर असते, हातात रोकड नसते. ‘मिस्त्राल’सारख्या नवउद्यमींच्या संस्थापकांना कर भरण्यासाठी कंपनीतील हिस्सा विकावा लागेल. हा आक्षेप निराधार नाही. त्यामुळेच समाजवादी पक्षाने कौटुंबिक आणि नवोन्मेषी कंपन्या वगळून सौम्य मसुदा मांडला. तोही असेम्ब्लीने फेटाळला.

पिवळ्या जॅकेटवाल्यांनी काय मिळवले?

अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी २०१८ मध्ये जुना संपत्तीकर रद्द करून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. त्याच वर्षी इंधनावरील कर वाढला आणि जानेवारी २०१९ पासून तो आणखी वाढणार होता. श्रीमंतांना सूट आणि गाडीशिवाय कामावर जाता न येणाऱ्या खेड्यापाड्यांतील लोकांच्या खिशाला कात्री, असे चित्र निर्माण झाले. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुमारे २ लाख ८० हजार लोक पिवळी जॅकेट घालून चौकाचौकांत ठाण मांडून बसले. नेता नाही, कामगार संघटना नाही, परवानगीही नाही. १ डिसेंबरला पॅरिसमधील विजयकमानीची नासधूस झाली. त्यानंतर दहा दिवसांच्या आत इंधन करवाढ रद्द झाली आणि किमान वेतनावरील कामगारांना महिना १०० युरोंच्या वाढीसह सुमारे १० अब्ज युरोंच्या सवलती जाहीर झाल्या. याची किंमतही मोठी होती. हजारो आंदोलक आणि पोलीस जखमी झाले, रबरी गोळ्यांनी अनेकांना डोळा गमवावा लागला. आणि संपत्तीकर परत आणण्याची मागणी जिथल्या तिथे राहिली.

मग शांततेचा मार्ग?

२०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याविरोधात सर्व प्रमुख कामगार संघटना एकत्र आल्या. ७ मार्चला तर सरकारी आकड्यानुसारच १२ लाख ८० हजार लोक रस्त्यावर होते. मोर्चे बहुतांशी शिस्तीत निघाले, पण सरकारने असेम्ब्लीत मतदान न घेता विशेष घटनात्मक तरतूद वापरून सुधारणा रेटली. ‘तोडफोड केली तर १० अब्ज, शिस्तीत चाललो तर शून्य’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. १० सप्टेंबर २०२५ च्या ‘सगळे बंद करा’ या हाकेला ही पार्श्वभूमी होती. त्या दिवशी ८० हजार पोलीस तैनात होते आणि बहुतेक नाकेबंद्या लवकर हटवण्यात आल्या. आठ दिवसांनी कामगार संघटनांच्या संपात सरकारच्या मते पाच लाख, तर ‘सीजीटी’ संघटनेच्या मते दहा लाखांहून अधिक लोक सहभागी झाले.

पण हा निष्कर्ष अपुरा आहे. निवृत्तीवेतन सुधारणा स्थगित करण्याची घोषणा अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. त्यासाठी नाकेबंदी नव्हे, तर असेम्ब्लीतील गणित कारणीभूत ठरले. बहुमत नसलेल्या पंतप्रधान सेबॅस्टियन लेकोर्नू यांना अविश्वास ठरावातून वाचण्यासाठी समाजवाद्यांची साथ हवी होती. रस्त्यावरच्या दबावाने तो मुद्दा जिवंत ठेवला, सौदा मात्र सभागृहात झाला.

थोडक्यात, रस्ता अडवून एखादा कर रोखता येतो. सरकारने वाढ मागे घेतली की काम झाले. नवा कर आणायचा तर मसुदा, व्याख्या, बहुमत आणि न्यायालयीन कसोटी असे सगळे टप्पे पार करावे लागतात. झुकमन कर फेब्रुवारी २०२५ मध्ये असेम्ब्लीत ११६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूरही झाला होता. जूनमध्ये सिनेटने तो अडवला.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात १९५७ पासून संपत्तीकर होता. तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला. २०१३-१४ मध्ये त्यातून जमा झाले होते अवघे १,००८ कोटी रुपये. ३० लाखांवरील संपत्तीवर एक टक्का दर होता, पण समभाग आणि रोखे त्यातून वगळलेले होते. दागिने, मोटारी, जादा घरे, शहरी जमीन यांवर कर आणि खरी मोठी संपत्ती मोकळी, असा प्रकार. त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार आला. अधिभार लागतो तो उत्पन्नावर. नफा कंपनीतच ठेवणाऱ्या प्रवर्तकाची संपत्ती कितीही वाढली, तरी तो त्या वाढीपर्यंत पोहोचत नाही. वारसा करही १९८५ मध्येच संपला.

पुढे काय?

हा प्रश्न एकट्या फ्रान्सपुरता उरलेला नाही. ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील ‘जी-२०’साठी झुकमन यांनी २०२४ मध्ये अशीच जागतिक योजना मांडली आणि रिओ घोषणापत्रात अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर लावण्यासाठी सहकार्याचा उल्लेख झाला. त्या घोषणापत्रावर भारतही आहे. फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक २०२७ मध्ये आहे. ८६ टक्क्यांचा पाठिंबा मतपेटीत आणि सभागृहातील आकड्यांत उतरतो का, हे तेव्हा कळेल. तोवर तूट भरून काढण्याचा भार कोणाच्या खिशावर टाकायचा, हा वाद दर अर्थसंकल्पाला नव्याने पेटत राहील.