पुराच्या बोटीला फवारणी पंपाचे ऑइल नको

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या नदीकाठच्या गावांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी पुराची. पेरणीला कोणते बी, कोणते खत, एकरी किती मात्रा, हे आपण दहा जणांना विचारतो. पुराच्या बोटीत कोणते ऑइल घालायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. हाताला लागेल तो डबा उघडायचा आणि अंदाजाने ओतायचे, असा प्रकार चालतो. ही चूक उन्हाळ्यात दिसत नाही, ती ऐन पुरात दिसते. तेव्हा वेळ गेलेली असते.

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर कृष्णा-पंचगंगेकाठच्या माणसाने डोळ्यांनी पाहिले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती. पण पुरात बोट हाच गावाचा शेवटचा आधार असतो, हे तेव्हा सर्वांनाच कळून चुकले. आज अनेक गावांकडे बोट आहे आणि तिच्या मागे लावायची पेट्रोल मोटर, म्हणजे ओबीएम, आहे. प्रश्न आहे तो तिच्या देखभालीचा.

माझीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका गावातून फोन आला, "साहेब, बोटीच्या मशीनला ऑइल कुठलं घालायचं?" मी घाईत होतो. म्हटले, "फवारणी पंपाचं टू-टी घाला, टू-स्ट्रोक सगळं सारखंच." पुढच्या जूनमध्ये घाटावर रंगीत तालीम ठेवली. मोटर चालू झाली, धूर सोडत निम्म्या पात्रापर्यंत गेली आणि बंद पडली. दोरी ओढून ओढून पोरांचे हात दुखले. शेवटी म्हाताऱ्या नावाड्याने वल्ही मारून बोट काठाला आणली. तो मला एवढेच म्हणाला, "साहेब, आज पाणी थोडं हाय म्हणून बरं. तुमीच सांगितलं व्हतं, म्हणून घातलं."

मिस्त्रीने मोटर खोलली. प्लग काळा आणि ओला, पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटलेल्या, टाकीत वर्षभराचे जुने पेट्रोल. सुटे ऑइल, तेही मापाशिवाय घातलेले. दुरुस्तीचे बिल चांगल्या ऑइलच्या काही वर्षांच्या खर्चाएवढे झाले. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तो असा आहे.

आधी मोटर ओळखा

टू-स्ट्रोक मोटरला ट्रॅक्टरसारखा ऑइलचा चेंबर नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच बेअरिंग, पिस्टन आणि रिंगांना वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जाते. (काही मोटरींना ऑइलची वेगळी टाकी असते, पण जळण्याचा प्रकार तोच.) फोर-स्ट्रोक मोटरमध्ये ऑइल चेंबरमध्ये राहते आणि ते मोजायला पट्टी असते. पट्टी असेल तर फोर-स्ट्रोक, ही सोपी खूण. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही आणि टू-स्ट्रोकला बिनऑइलचे पेट्रोल घालायचे नाही. दुसरी चूक झाली तर मोटर काही वेळातच जाम होते.

टू-स्ट्रोकसाठी डब्यावर इंग्रजीत 'टीसी-डब्ल्यू३' अशी अक्षरे पाहून ऑइल घ्या. त्यातला 'डब्ल्यू' पाण्याचा, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा. फवारणी पंप, ग्रास कटर, जुन्या स्कूटर ही सगळी हवेवर थंड होणारी इंजिने. ती जास्त तापतात, म्हणून त्यांचे ऑइल वेगळ्या घडणीचे असते. त्यातल्या काही द्रव्यांची जळल्यावर राख उरते. बोटीची मोटर नदीचे पाणी ओढून थंड राहते, पण तासन् तास पूर्ण जोरावर चालते. तिथे ही राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. टीसी-डब्ल्यू३ ऑइल अशी राख धरत नाही. अगदी अडचणीत एखाद्या फेरीला पंपाचे ऑइल चालून जाईल, पण ती सवय करू नका. ट्रॅक्टरचे ऑइल तर मुळीच नको. ते जळण्यासाठी केलेलेच नसते.

उलटेही लक्षात ठेवा. बोटीचे उरलेले ऑइल फवारणी पंपाला घालू नका. त्याची उष्णता या ऑइलला झेपत नाही.

फोर-स्ट्रोकसाठी 'एफसी-डब्ल्यू' अशी खूण असलेले ऑइल घ्या. मोटरच्या पुस्तिकेत बहुधा १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० असा दर्जा दिलेला असतो, तोच पाळा. नवीन मोटरचे ऑइल साधारण पहिल्या २० तासांनी बदलावे आणि पुढे १०० तास किंवा एक वर्ष, यांत जे आधी होईल तेव्हा. पट्टीवर ऑइल दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले समजा आणि मोटर चालवू नका. ट्रॉलीतून नेताना मोटर कोणत्या कुशीवर ठेवायची, हेही पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या कुशीवर ठेवली तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते.

मात्रा मोजून

बहुतेक टू-स्ट्रोक मोटरींना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागते. म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. काही मोटरींचे प्रमाण वेगळे असते आणि नवीन मोटरला सुरुवातीचे काही तास जास्त ऑइल द्यावे लागते, म्हणून पुस्तिका पाहावी. "थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?" असे आपण म्हणतो. जास्त गेले तर प्लग काळा होतो आणि मोटर ऐन वेळी दगा देते. कमी गेले तर पिस्टन धरतो. कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल, मग मोजलेले ऑइल, कॅन नीट हलवून मग उरलेले पेट्रोल घालावे. औषधाचे माप यासाठी वापरू नये, वेगळे माप ठेवावे.

मिसळलेले पेट्रोल वर्षभर ठेवू नका. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी धरते. टाकीत ओल गेली तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसतात आणि मोटर आधी तळातलेच ओढते. त्यात वंगण नसते. म्हणून पूर ओसरला की टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करा. मिश्रण ताजे करा आणि महिन्याभरात वापरा.

पंख्याला जोडलेल्या गिअरचे ऑइलही वर्षाला पाहावे. पुराच्या पाण्यात सुतळी, नायलॉन, प्लास्टिक पंख्यामागे गुंडाळले जाते आणि सील कापते. हे ऑइल पांढरट निघाले तर सील गेले समजा. मोटर चालू करून बघायची तर पाण्याच्या पिंपात बुडवूनच करा. कोरडी चालवली तर पाणी ओढणारा रबरी पंखा जळतो.

सरपंच, ग्रामसेवकांना विनंती

मोटर येते तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतो, तीन दरपत्रके जोडली जातात. ऑइलच्या डब्याला कोणी नारळ फोडत नाही आणि त्याची तरतूदही कोणी धरत नाही. मग नावाडी बिचारा घरातला डबा आणतो. दोष त्याचा नाही, आपला आहे. माझाही आहे.

मे महिन्याच्या मासिक सभेत हा खर्च मंजूर करून घ्या. योग्य ऑइलचे सीलबंद डबे, दोन जादा प्लग आणि एक माप बोटीजवळच कुलपात ठेवा. किल्ली कोणाकडे आहे हे पोलीस पाटील आणि नावाडी दोघांनाही माहीत असावे. मोटरच्या पेटीवर रंगाने ठळक लिहा : ऑइल कोणते, लिटरला किती, मिश्रण कोणत्या तारखेला केले. पावसाळ्यात दर पंधरवड्याला मोटर चालू करून वहीत नोंद करा.

ज्या गावात मोटर बंद पडली, तिथे आता पेटीवर 'लिटरला २० मिली' असे लिहिले आहे. ते नावाड्याच्या नातवाने लिहिले. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा म्हाताऱ्याने डबा पुढे करून मलाच विचारले, "साहेब, बघा बरं, ह्योच न्हवं?" मी चष्मा लावून अक्षरे वाचली, मगच हो म्हणालो.