टपालाची वर्गवारी : सोय आणि सावधगिरी

बँकेच्या शाखेत आलेले टपाल आवक नोंदवहीत चढते आणि मगच संबंधित टेबलावर जाते. ई-मेलच्या टपालपेटीत वर्गवारीचे हे काम ‘फिल्टर’ करतो. मात्र त्याला दिलेली खूणच कच्ची असेल, तर सोय गैरसोय ठरते.

मेलिंग लिस्टच्या पत्रांबाबत हे विशेष जाणवते. पुष्कळ जण विषयाच्या ओळीतील एखाद्या शब्दावर नियम लावतात. पण विषय बदलतो आणि तोच शब्द खासगी पत्रातही येतो. प्रेषकाचे नाव पाहावे, तर लिस्टवर लिहिणारे अनेक. ‘प्रति’च्या रकान्यात लिस्टचा पत्ता शोधावा, तर तो कधी कधी तेथे नसतोच.

खात्रीची खूण वेगळी आहे. २००१ साली आरएफसी २९१९ या मानकाने ‘लिस्ट-आयडी’ ही ओळ ठरवून दिली. मानक पाळणारा लिस्टचा सर्व्हर ती प्रत्येक पत्राच्या, एरवी न दिसणाऱ्या, शीर्षभागात घालतो. लेखक वा विषय बदलला तरी ती तीच राहते. नियम या ओळीवर बेतावा, हेच श्रेयस्कर. ही ओळ वर्गवारीपुरतीच मानावी. ती कोणीही घालू शकतो, म्हणून तिला सत्यतेचा दाखला समजू नये.

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ग्राहकाचे दायित्व निश्चित केले. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर दायित्व नाही, असे त्यात ठरले. हे दिवस बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजावयाचे. ती वाचल्यापासून नव्हे! ‘खाते’ वा ‘व्यवहार’ अशा ढोबळ शब्दावर लावलेल्या फिल्टरने ती सूचना न उघडल्या जाणाऱ्या कप्प्यात ढकलली, तर मुदत निघून जाते आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

म्हणून लिस्टची पत्रे खुशाल वेगळ्या कप्प्यात जावीत; बँकेच्या सूचना मात्र डोळ्यांसमोरच राहाव्यात. नवा नियम लावल्यावर काही दिवस प्रत्येक कप्पा उघडून पाहावा. वर्गवारी यंत्रावर सोपविता येते, जागरूकता नव्हे.