नायट्रेटपासून खत नव्हे, आधी पाणी

नायट्रेटने दूषित पाण्यापासून विजेच्या साहाय्याने अमोनिया बनवणाऱ्या धातुविरहित कार्बन उत्प्रेरकांविषयीचा आपला लेख वाचला. ‘प्रदूषणातून खत’ हे त्यातले आश्वासन मात्र हिशेबात बसत नाही. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यातला सगळा नायट्रोजन हाती लागला, तरी युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतका नायट्रोजन जमवायला सुमारे ९ लाख लिटर पाणी लागेल. अनुदानामुळे ती गोणी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. त्यासाठी वीज कोण जाळणार?

तरीही या संशोधनाला पैसा मिळायलाच हवा, तो पाण्यासाठी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या १५ जिल्ह्यांपैकी ७ महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. म्हणून गावोगावी आरओ बसले. पण आरओ नायट्रेट नष्ट करत नाही, फक्त टाकाऊ पाण्यात ढकलतो. ते पाणी गटारात सोडले की पुन्हा जमिनीत मुरते.

ही विद्युत-रासायनिक यंत्रणा बसवायची तर या टाकाऊ पाण्यावर. तिथे नायट्रेट दाट असते आणि ते पाणी कोणी पीत नाही. पिण्याच्या पाण्यात अमोनियाला लिटरमागे अवघी अर्ध्या मिलिग्रॅमची मुभा आहे, त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर थेट हा प्रयोग करणे धोक्याचे. तयार झालेला अमोनियाही आम्लात पकडून बाजूला काढावाच लागेल, नाहीतर जमिनीतले जिवाणू त्याचे पुन्हा नायट्रेट करतील.

तांब्याचे उत्प्रेरक चांगले चालतात, पण तांबे पाण्यात उतरू शकते. म्हणून कार्बनचा आग्रह मला रास्त वाटतो. मात्र अशा कार्बनमध्ये बहुधा नायट्रोजनच मिसळलेला असतो. मिळालेला अमोनिया पाण्यातल्या नायट्रेटचा की उत्प्रेरकातूनच सुटलेला, हे नायट्रोजन-१५ समस्थानिक वापरून सिद्ध व्हायला हवे. शिवाय प्रयोगशाळेत अनेकदा लिटरमागे हजारो मिलिग्रॅम नायट्रेटचे स्वच्छ द्रावण घेतात. आरओच्या टाकाऊ पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. ते इलेक्ट्रोडवर थर धरतात.

निधी देणाऱ्या संस्थांनी वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या आरओ केंद्राच्या टाकाऊ पाण्यावर, उन्हाळा-पावसाळा दोन्ही ऋतूंत चाचणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नये.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, वर्धा